मुस्लिम अँगल नसलेला लेख

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाच्या वर्षाचं एक ठरलेलं वेळापत्रक असतं. रमजान लागला की पुरवणीवाल्यांचा फोन येतो, शीरखुर्म्यावर आठशे शब्द द्या. कोर्टाचा काही निकाल आला की तलाकवर बोला. शाळा-कॉलेजात कुठे वाद झाला की हिजाबवर बोला. भारत-पाकिस्तान सामना असला की आदल्या दिवशी चॅनेलवरची एखादी पोर अत्यंत नम्रपणे विचारते, ‘सर, उद्या तुमच्या मोहल्ल्यात कसं वातावरण असणार आहे?’ वातावरण कसं असणार? कोरडं. सोलापुरात दुसरं कसलं असतं?

दंगल झाली तर मात्र वेळापत्रक राहत नाही, तेव्हा फोन रात्रीही येतो.

या वेळापत्रकाच्या बाहेर मी काही लिहावं अशी कुणाची अपेक्षा नसते. रेल्वेतला चहा, एखाद्या गोलंदाजाचं मनगट, कुठल्या नटीचं कुणाशी जमलं, कुठल्या ढाब्यावरची शेंगाचटणी अजून खलबत्त्यात कुटलेली असते, हे मराठी माणसाचे रोजच्या बोलण्यातले विषय. मराठीत या विषयांवर लिहिण्याची केवढी मोठी परंपरा आहे. पुलंची ‘अपूर्वाई’ वाचून लंडन न पाहिलेली माणसं लंडनविषयी बोलतात. मीही त्यातलाच. पण ते दालन आमच्यासाठी नाही, असं कुणी न सांगताच ठरून गेलंय. आम्ही गंभीर असावं. निदान दुःखी तरी असावं.

माझं भांडण याच्याशी आहे, आणि ते दोन्ही बाजूंच्या लोकांशी आहे.

एका दिवाळी अंकासाठी मी हुतात्मा एक्स्प्रेसवर लेख लिहिला होता. सोलापूरहून पुण्याला सकाळी निघणारी ही गाडी म्हणजे एक फिरतं गाव आहे. कोण कुठे बसणार हे पासवाल्यांचं ठरलेलं असतं आणि नवख्याने तिथे आरक्षणाचं तिकीट दाखवलं तर त्याच्याकडे असं बघतात की जणू त्याने कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बूट घालून पाय टाकलाय. कुर्डुवाडीला निम्मा डबा जागा होतो. भिगवण आलं की उजनीचं पाणी, त्यातले मासे आणि थंडीत येणारे रोहित पक्षी यांचा विषय निघतोच, आणि दर वेळी कुणीतरी सांगतं की यंदा रोहित कमी आले. गेली कित्येक वर्षं ते कमीच येतायत. दौंडनंतर सगळ्यांना अचानक ऑफिस आठवतं. कुर्डुवाडीवरून मी थोडा बार्शी लाइट रेल्वेकडेही वळलो होतो. १८९७मध्ये सुरू झालेली ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेलेली. आमच्या घरातल्या बुजुर्गांच्या मते ती इतकी सावकाश चालायची की माणूस उतरून, काम उरकून परत चढायचा. हा विनोद भारतातल्या प्रत्येक छोट्या गाडीविषयी केला जातो हे मला ठाऊक आहे. तरी तो आमच्याच गाडीविषयी खरा आहे.

संपादकांचा फोन आला. ‘सर, लेख छानच जमलाय. फक्त यात तो... मुस्लिम अँगल कुठे दिसत नाही. म्हणजे डब्यात तुम्हाला काही अनुभव आला असेल ना? कुणी जागा दिली नाही, डब्यात काय आणलंय विचारलं, असं काही?’ मी म्हटलं, जागा कुणालाच देत नाहीत. ते म्हणाले, ‘बरं, मग हुतात्म्यांमधले कुर्बान हुसेन? त्यांच्यावर दोन परिच्छेद टाकता येतील का?’

कुर्बान हुसेन आमचे आहेत यात वाद नाही. १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर ते फासावर गेले. सोलापूरच्या पोराला हे शाळेत जाण्याआधी माहीत असतं. पण मी चहावर लिहीत होतो. चहाच्या लेखात हुतात्मा आणून बसवायचा म्हणजे वाचकाला सांगायचं, बघा, या गाडीत बसण्याचा माझा हक्क फाशीपासून सिद्ध झालेला आहे. शेजारच्या सीटवरचे कुलकर्णी बिस्किट बुडवून चहा पितात तेव्हा त्यांना आधी वासुदेव बळवंतांचा दाखला द्यावा लागत नाही. ते नुसता चहा पितात. मलाही नुसता चहा प्यायचाय.

लेख परत आला. शीरखुर्म्याचा मागवला गेला.

आता दुसऱ्या बाजूचं ऐका. नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर एक बुजुर्ग मला अडवतात आणि म्हणतात, ‘मियाँ, कलम दिया अल्लाह ने, और तुम रेल और क्रिकेट पे लिखते?’ कौमचे एवढे प्रश्न पडलेत, शिक्षण, वक्फ, नोकऱ्या, आणि हा बसलाय सिनेमाच्या बायकांवर लिहीत. प्रवासावर लिहायचं तर हजवर लिही, उमऱ्यावर लिही. चकाट्या पिटणं म्हणजे वेळेची नासाडी आणि तिचा हिशेब द्यावा लागणार.

त्यांना मी इब्न बतूताची आठवण करून देतो. हा माणूस साधासुधा भटक्या नव्हता, मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीत काझी होता. चौदाव्या शतकात तो आपल्या दौलताबादेला आला. एवढा मोठा किल्ला, एवढं मोठं राजकारण, आणि हा काझी काय टिपून ठेवतो? किल्ल्याच्या तुरुंगातले उंदीर मांजरांहून मोठे आहेत आणि मांजरं त्यांना घाबरतात. इथली द्राक्षं आणि डाळिंबं चांगली आहेत. गाणाऱ्यांचा एक मोठा बाजार आहे, त्याचं नाव तरबाबाद. उंदरांची गोष्ट त्याने तिथे कैदेत राहिलेल्या एका सरदाराच्या तोंडून ऐकली होती, म्हणजे चक्क ऐकीव गप्पा. आज तो सगळा मजकूर इतिहासाची पुस्तकं आदराने वापरतात. त्या काळी पायरीवर एखादे बुजुर्ग त्याला भेटले असतील आणि म्हणाले असतील, काझीसाहेब, उंदीर कशाला?

प्रवास ही मुळात आपल्याकडे सवलतीची गोष्ट आहे. मुसाफिराला नमाज कसर करायची मुभा, रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढायची मुभा. सूरह बकरामध्ये आजारी आणि मुसाफिर दोघांनाही ती दिलेली आहे. माणूस घराबाहेर पडला की थोडा सैल होतो, त्याला थोडं सैल होऊ द्यावं, हे ज्या धर्माला कळतं त्याच्या अनुयायांना ते कळायला काय हरकत आहे? पण मार्च २०२५मध्ये मोहम्मद शमी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोलंदाजी करताना काहीतरी प्यायला, तो रमजानचा महिना होता, आणि बरेलीच्या एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. घरापासून हजार मैलांवर, वाळवंटात, वेगवान गोलंदाजी करणारा माणूस मुसाफिर नसेल तर मुसाफिर कोण, मी? हुतात्मा एक्स्प्रेसमधला?

शमीचंच पुढे बघू, कारण त्याच्याइतकं ठळक उदाहरण नाही. २४ ऑक्टोबर २०२१ला दुबईतच टी-ट्वेन्टी विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. दहा गडी राखून, म्हणजे एकालाही विकेट मिळाली नाही. शिव्या मात्र शमीच्या वाट्याला आल्या आणि त्या गोलंदाजीवरून नव्हत्या. विराट कोहलीला पत्रकार परिषदेत त्याच्या बाजूने ठणकावून बोलावं लागलं. दोन वर्षांनी वानखेडेवर श्रीलंकेविरुद्ध पाच बळी घेतल्यावर शमी दमून गुडघ्यांवर बसला, तर पडद्यासमोर बसलेल्या लाखोंनी ठरवलं की हा सजदा करणार होता आणि घाबरून थांबला. शमीला मुलाखतीत सांगावं लागलं की सजदा करायचा असता तर केला असता, मला कोण अडवणार होतं, मी दमलो होतो. म्हणजे एका बाजूला तो कमी भारतीय, दुसऱ्या बाजूला तो कमी मुसलमान. हरला तरी परीक्षा, दमला तरी, तहान लागली तरी.

आणि या सगळ्यात त्याच्या गोलंदाजीवर बोलायचं राहून गेलं. मला ते बोलायचंय. चेंडूची शिवण हातातून सुटताना सरळ उभी ठेवणं हे कुठल्याही गल्लीतल्या पोराला सांगता येतं, करता येत नाही. मनगट किंचित कलंडलं की शिवण डगमगते आणि चेंडू नुसता आपटून सरळ जातो. शमीचं मनगट चेंडूच्या बरोबर मागे असतं. शिवण चाकासारखी उभी फिरत जाते, टप्पा पडला की ती आत वळणार की बाहेर हे फलंदाजाला दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर गोलंदाजालाही प्रत्येक वेळी नेमकं ठाऊक नसावं. म्हणूनच तो चेंडू खेळणं इतकं अवघड. २०२३च्या विश्वचषकात पहिले चार सामने त्याला बाहेर बसवलं होतं, हार्दिक पांड्या जखमी झाल्यावर घेतलं, आणि त्याने सात सामन्यांत २४ बळी काढले. वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ५७ धावांत ७. त्या रात्री आमच्या कट्ट्यावर दीड तास चर्चा झाली, ती फक्त एवढ्याच मुद्द्यावर की असल्या माणसाला पहिले चार सामने बाहेर कोणी बसवलं.

‘तुम्ही कुणाच्या बाजूने?’ हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो, हसत हसत, पाठीवर हात ठेवून. माझ्या निष्ठेची परीक्षा घ्यायचीच असेल तर महाराष्ट्राच्या रणजी संघावरून घ्या. खरी निष्ठा काय असते ते कळेल. आम्ही रणजी करंडक शेवटचा जिंकला १९४०-४१ साली, देवधरांच्या काळात. त्यानंतर नुसत्या जखमा. १९७०-७१च्या अंतिम सामन्यात मुंबईचे मोठे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते, सुधीर नाईकच्या हाताखाली राखीव पोरं उतरवली होती, तरी त्यांनी आम्हाला हरवलं. १९९२-९३ला पंजाबने हरवलं. २०१३-१४ला कर्नाटकाने. सोलापूरकराला कर्नाटकाकडून हरण्याचं दुःख पुणेकराहून थोडं जास्त होतं, सीमा जवळ आहे. आणि भाऊसाहेब निंबाळकर? १९४८च्या डिसेंबरात पुण्याला काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३, ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम नऊ धावांवर, आणि काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार देऊन सामना सोडून दिला. यावर मी आजही कुणाशीही भांडू शकतो. असला संघ धरून बसलेल्या माणसाला निष्ठा शिकवता?

वसीम जाफरवर माझा राग आहे तो याच खात्यातला. आधी मुंबईकडून, मग विदर्भाकडून, हा माणूस रणजीत धावा करतच राहिला. चाळिशी गाठल्यावर, २०१८-१९च्या हंगामात, १०३७ धावा. विदर्भाने लागोपाठ दोनदा करंडक नेला आणि आम्ही बघत बसलो. निवृत्तीनंतर तो समाजमाध्यमांवर इतका मिश्कील निघाला की राग टिकवणं अवघड झालं. ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने रहाणेला एक गूढ संदेश लिहिला होता, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर जोडलं की गिल आणि राहुलला घ्या असा सल्ला निघायचा. लोक कोडी सोडवत बसले. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१मध्ये, उत्तराखंडचं प्रशिक्षकपद सोडताना या माणसावर तिथल्या पदाधिकाऱ्यांनी संघात धर्म आणल्याचा आरोप केला. निवडीतली लुडबूड सहन होत नाही म्हणून जातोय, असं तो म्हणत होता, पण त्याला मुद्देसूद खुलासा करत बसावं लागलं की शुक्रवारी कोण आलं होतं, कुणी बोलावलं होतं, संघ कुठली घोषणा देत होता. अनिल कुंबळे जाहीरपणे पाठीशी उभा राहिला. बाकीचे बरेच जण गप्प बसले. कोडी घालणाऱ्या माणसाला खुलासे लिहायला बसवणं यासारखी नासाडी नाही.

सिनेमाच्या गप्पांचंही हेच. श्रीरामपूरचा झहीर खान आणि कोल्हापूरच्या घाटगे घराण्यातली सागरिका यांचं २०१७च्या नोव्हेंबरात लग्न झालं. माझ्या लेखी ही पहिल्या प्रतीची चकाट्यांची सामग्री आहे. ‘चक दे इंडिया’त सागरिका जिच्या हातातली हॉकी स्टिक खाली ठेवायला तयार नसते अशी खेळाडू झाली होती, आणि नवरा केला तो २०११च्या विश्वचषकात २१ बळी घेणारा. घरात स्पर्धेची भावना किती असेल? नगर जिल्ह्याच्या माणसाला तांबडा रस्सा सोसला का? पाहुण्यांत कोण रुसलं? यावर आमच्या आपाने फोनवर अर्धा तास घेतला असता. पण जिथे म्हणून ती बातमी वाचली तिथे खाली धर्माचा वादविवाद चालू होता. २०२५मध्ये त्यांना मुलगा झाला, नाव ठेवलं फतेहसिंह खान. आता या नावावर निव्वळ कौतुकाने बोलता येण्यासारखं किती आहे! पण तैमूरच्या बारशाला देशाने काय केलं ते आठवतं आणि माणूस गप्प बसतो.

दिलीपकुमार २०२१च्या जुलैत गेले तेव्हा मी मृत्युलेख जमवले. बहुतेक सगळे युसूफचा दिलीप कसा झाला इथून सुरू व्हायचे आणि तिथेच बराच वेळ रेंगाळायचे. मला हवी होती ती पुण्याच्या लष्करी कॅन्टीनमधली गोष्ट. देवळालीत शिकलेलं, फळांच्या व्यापाऱ्याचं पोर, वडिलांशी खटकल्यावर पुण्याला आलं आणि तिथे सँडविच विकायला लागलं. सँडविचं खपायची म्हणे. पुढे ज्या माणसाच्या एका पापणीच्या हालचालीवर थिएटर शांत व्हायचं, तो ब्रेडच्या कडा कापत असेल का, चटणी कसली लावत असेल, गिऱ्हाइकाशी बोलताना कुठला सूर लावत असेल? सगळ्या महाराष्ट्राच्या घरचा विषय व्हावा असा हा तपशील आहे. तो दोन ओळींत उरकला गेला.

यात खरं नुकसान कुणाचं होतं ते माझ्या भाच्याकडे बघून कळतं. बावीस वर्षांचा आहे, मोटारसायकलवेडा. त्याने व्हिडिओ करायला सुरुवात केली, सोलापूर ते नळदुर्ग. पाणीमहाल आहे, पावसाळ्यात नर-मादी धबधबे असतात, पण त्याला किल्ल्यात फारसा रस नव्हता. गाडी लिटरला किती देते आणि हैदराबाद रस्त्यावर मिसळ कुठे चांगली, एवढंच त्याचं म्हणणं. खाली पहिल्याच दिवशी कुणीतरी लिहिलं, पाकिस्तानात जाऊन फीर. दुसऱ्याने लिहिलं, भाईजान, बॅकग्राउंडला म्युझिक कशाला, गुनाह आहे. तिसऱ्याने किल्ला कुणी बांधला यावर पानभर भांडण मांडलं. पोराने आठवड्याभरात व्हिडिओ काढून टाकले. आता दुसऱ्या नावाने करतो. चेहरा दिसत नाही, नाव दिसत नाही, फक्त हातमोजे, हँडल आणि रस्ता. आवाज मराठीच आहे, इतका अस्सल सोलापुरी की नळदुर्गचे लोक ‘भावा’ म्हणून खाली लिहितात. गाडीच्या मायलेजविषयी बोलता यावं म्हणून बावीस वर्षांच्या पोराने स्वतःचं नाव बाजूला ठेवलंय. त्याच्या अम्मीला हे शहाणपणाचं वाटतं. मला रात्री झोप लागत नाही.

यावर मला ऐकवलं जातं, घरांवर बुलडोझर फिरतायत, माणसं रस्त्यात मारली जातायत, आणि तू चहावर लिहिणार? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. त्या विषयांवर मी लिहिलंय, लिहितो, पुढेही लिहावं लागेल. पण ज्या वस्तीत काल पोलीस येऊन गेले तिथेच आज कॅरम चालू असतो, राणी गेली की आरडाओरडा होतो. तो कॅरम लिहायचा नाही, फक्त पोलीस लिहायचे, असं का? हमीद दलवाईंनी ‘इंधन’ लिहिली, ‘लाट’मधल्या कथा लिहिल्या, तरी आजच्या सभांमध्ये त्यांचं नाव निघतं ते एकाच कारणाने. आमच्या संमेलनांमध्ये अस्मितेवर परिसंवाद होतो, भाषेवर होतो, आव्हानांवर तर दरवर्षी होतो. विनोदावरचा मी तरी अजून ऐकलेला नाही. आणि आमच्याइतकं हसणारे लोक मी पाहिलेले नाहीत, मय्यतीहून परतताना रिक्षात काय चालतं ते एकदा ऐका.

तर दिवाळी अंकवाल्यांनो, मुदत जवळ येतेय. माझ्याकडे सध्या तीन विषय तयार आहेत. बार्शीची छोटी गाडी, महाराष्ट्राचे रणजीतले पराभव (हा दोन भागांत होईल), आणि दिलीपकुमारचं सँडविच. अँगल कशातच नाही. शीरखुर्म्यावर हवं असेल तर आपाचा नंबर देतो. ती करते, मी फक्त खातो.